आवेग, संवेग आणि अंडी नग दोन

पदार्थविज्ञानाच्या शिक्षकावर मराठी परिभाषेने जे काही उपकार करून ठेवले आहेत, त्यांत ‘संवेग’ आणि ‘आवेग’ या जोडगोळीची गणना अग्रभागी केली पाहिजे. कारण ज्या दोन कल्पनांमधला भेद विद्यार्थ्यांच्या गळी उतरवण्यासाठी आठवडाभराचे तास खर्ची पडतात, त्यांच्या नावांत केवळ एका उपसर्गाचे अंतर ठेवून परिभाषाकारांनी मुलांच्या आणि मास्तरांच्या अशा दोन्ही परीक्षांची एकदमच सोय लावून दिली आहे. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. बल आणि ते जितका वेळ लागले तो काळ यांचा गुणाकार म्हणजे आवेग. वस्तूला जितका आवेग मिळतो तितकाच तिचा संवेग बदलतो. अवघी तीन वाक्ये! तालुक्याच्या एका हायस्कुलात मी ती एकतीस वर्षे सांगितली, आणि तरीही माझ्या निरोपसमारंभात एका माजी विद्यार्थ्याने, जो आता मामलेदार कचेरीत अव्वल कारकून आहे, माझ्या ‘आवेगपूर्ण अध्यापनशैली’चा मुक्तकंठाने गौरव केला, तेव्हा बल किती आणि काळ किती, असा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण गळ्यात हार आणि हातात नारळ असलेल्या मनुष्याने तोंडी परीक्षा घेऊ नये, एवढा पोच मला होता.

त्या गृहस्थाला दोष तरी कसा द्यावा? आपल्या व्यवहारात आवेग हा दुःखाचा असतो, रागाचा असतो, फार तर वक्तृत्वाचा असतो. त्याला कुणी घड्याळ लावून मोजीत नाही. संवेग तर व्यवहारात आढळतच नाही. तो पतंजलींच्या योगसूत्रांत आढळतो, पण तिथे तो साधकाच्या तळमळीचा वाचक आहे, आणि त्या संवेगाला वस्तुमानाने गुणावे लागत नाही, म्हणूनच कृश साधकांचाही निभाव लागत असावा.

शब्दांच्या या शोधात मला एक ठेवा मात्र सापडला. वैशेषिक दर्शनात, आणि विशेषतः प्रशस्तपादांच्या भाष्यात, ‘संस्कार’ नावाचा एक गुण सांगितला आहे आणि त्याचे तीन प्रकार केले आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. धनुष्यापासून सुटलेल्या बाणाला पुढे नेणारा तो वेग. अनुभवाचा मनावर उमटून राहणारा आणि पुढे स्मृतीला कारण होणारा ठसा ती भावना. आणि वाकवलेली फांदी सोडताच तिला पूर्ववत् करणारा तो स्थितिस्थापक. आजच्या पाठ्यपुस्तकातली ‘स्थितिस्थापकता’ याच घराण्यातली. ‘मुलांवर चांगले संस्कार करा’ असे पालक शाळेत येऊन मला सांगत, तेव्हा त्यांना कोणत्या प्रकारचा संस्कार अभिप्रेत आहे याची मी मनातल्या मनात रुजुवात घालून पाहत असे. आणि अनुभव असा की वेग हा संस्कार घंटा झाल्यावर दाराच्या दिशेने दिसे, भावना हा सहामाहीपर्यंत टिकत नसे, आणि तिसरा मात्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या ठायी अव्वल दर्जाचा असे, म्हणजे तासभर कितीही वाकवले तरी सोडल्याक्षणी पोरगे मूळ आकारावर येई.

एका घटक चाचणीत मी ‘आवेग म्हणजे काय ते उदाहरणासह स्पष्ट करा’ असा निरुपद्रवी वाटणारा प्रश्न घातला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने लिहिले : ‘थोड्या वेळात पुष्कळ जोर केला म्हणजे आवेग होतो. उदा. वडील.’ वर्गात मी ते उत्तर वाचून दाखवले, त्यात थट्टा करण्याचा हेतू होता हे कबूल केले पाहिजे. पण वाचता वाचताच माझ्या ध्यानी आले की उत्तर निम्मे बरोबर आहे आणि उरलेली निम्मी चूक त्याच्याइतकीच माझीही आहे. मी फळ्यावर बल आणि काळ यांचा आलेख काढला. वडिलांचा धपाटा म्हणजे एक उंच, निमुळता सुळका : बल प्रचंड, काळ क्षणभर. मग त्या मुलाला विचारले, घरात आणखी कोण बोलते? आजी, असे उत्तर आले. आजीचा हात उठत नाही, पण सकाळी दूध उतू गेल्यापासून दिवेलागणीपर्यंत तिचे पुटपुटणे अखंड चालू असते. तिची मी एक ठेंगणी, सपाट, लांबच लांब पट्टी काढली. सुळक्याखालचे क्षेत्रफळ आणि पट्टीखालचे क्षेत्रफळ सारखे आले तर दोन्ही आवेग सारखे, आणि मुलाच्या वर्तनातला फरकही सारखाच. ‘म्हणजे कमी जोराचाही आवेग असतो?’ असे तो म्हणाला, तेव्हा माझ्या जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटले. इतक्यात पुढच्या बाकावरून तक्रार आली, ‘सर, ह्याच्या आजीला फळा पुरत नाही.’

वास्तविक या नियमाशी ज्याच्या हातापायांची ओळख नाही असा मनुष्य मला आजवर भेटलेला नाही. शाळेच्या नव्या इमारतीचे काम चालू असताना मी मधल्या सुट्टीत परांचीकडे पाहत उभा राहत असे. खालचा बिगारी वीट अशा बेताने वर फेकी की ती वरच्या गड्याच्या हाताशी पोचावी तेव्हा तिची बहुतेक गती संपलेली असावी. म्हणजे झेलणाऱ्याने नाहीसा करायचा संवेग मुळातच नाममात्र उरे. आणि तेवढाही उरलेला संवेग तो गडी आपले दोन्ही हात विटेबरोबर किंचित वर नेऊन मग खाली आणीत असा काही हळुवारपणे जिरवी की जणू वीट नव्हेच, कुणाचे तान्हे मूल हाती घेतो आहे. त्या दोघांपैकी कुणीही शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. शेणाने सारवलेल्या ओटीवर पडलेली बशी पुष्कळदा वाचते आणि शहाबादी फरशीवर पडलेली वाचत नाही, हे माझ्या आईला न्यूटनचे नाव ऐकण्यापूर्वीपासून ठाऊक होते. फरशी बसवली त्या वर्षी तिने चिनी मातीच्या बशा फडताळात ठेवून पितळेच्या बाहेर काढल्या.

उलट माझी कथा पाहा. महाविद्यालयात यंत्रशास्त्राच्या पेपरात उत्तम गुण मिळवून मी मुंबईत काकांकडे राहायला गेलो होतो. मुंबईची ट्राम १९६४ च्या ३१ मार्चला कायमची थांबली, ही गोष्ट त्याच्या आधीची. ट्राम पुरती थांबण्याअगोदर उतरण्याचा तिथे शिरस्ता असे. माझ्यापुढे एक गिरणीकामगार, हातात डबा, ट्रामच्या दिशेला तोंड करून उतरला, चार पावले धावला आणि निघून गेला. त्याच्या पाठोपाठ मी सुशिक्षित मनुष्य, नाक्यावरच्या घड्याळाकडे पाहत, उलट दिशेला तोंड करून उतरलो. पाय जमिनीवर टेकताच पायांचा संवेग शून्य झाला. उरलेला देह, यंत्रशास्त्रातील गुणांसह, ट्रामच्या वेगाने पाठीमागच्या बाजूला चालता झाला. लोकांनी उचलले. त्यांच्यापैकी एका म्हाताऱ्याने ‘गाव कंचं?’ एवढेच विचारले, आणि त्या प्रश्नात माझ्या पदवीचे संपूर्ण परीक्षण आले.

तेव्हा देहाला जे समजते ते वहीत का उतरत नाही, हा या विषयातला खरा पेच आहे. क्रिकेटचे उदाहरण प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते : झेल घेताना खेळाडू हात मागे नेतो, कारण काळ वाढला की बल कमी होते. मी त्याला आकडे जोडीत असे. चेंडू १६० ग्रॅमचा, वेग ताशी १२६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३५ मीटर, संवेग ५.६. हात ताठ ठेवून तो शतांश सेकंदात अडवला तर सरासरी बल ५६० न्यूटन, म्हणजे सुमारे ५७ किलोग्रॅम वजनाचा भार तळहातावर. हात मागे नेऊन दशांश सेकंद लावला तर तोच भार पावणेसहा किलोग्रॅमच्या आसपास. हे गणित चुकवणारा मुलगा त्याच संध्याकाळी मैदानावर कठीण झेल लीलया टिपी, आणि वर्गात पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा बोट सुजवून घेऊन दुसऱ्या दिवशी हजेरी माफ करण्याचा अर्ज घेऊन येई.

खरी धोंड दिशेची. सेकंदाला पाच मीटर वेगाने भिंतीवर आदळलेला चेंडू पाचच मीटर वेगाने परत आला, तर वेगात फरक किती? एकूण एक वर्ग एकमुखाने सांगतो : शून्य. पाच गेले, पाच आले, हिशेब चुकता. दहा हे उत्तर ऐकून मुलांच्या मुद्रेवर असा भाव उमटतो की मास्तरांनी मधल्या मध्ये पाच मीटर खाल्ले. मी अखेर सावकारीचा आश्रय घेतला : कालपर्यंत ज्याचे कुणाकडून तरी पाच रुपये येणे होते, तोच आज कुणाला तरी पाच रुपये देणे लागतो, तर त्याची स्थिती कितीने बदलली? दहा रुपयांनी, हे उत्तर कुळवाड्याच्या मुलापासून वाण्याच्या मुलापर्यंत सर्वांनी एका दमात दिले. उणे चिन्ह बीजगणितात कुणाला कळत नाही, कर्जात सर्वांना कळते. बंदूक आणि गोळी यांचेही मी खतावणीच्याच भाषेत सांगू लागलो : गोळीच्या नावे पुढच्या दिशेला जितके जमा, तितकेच बंदुकीच्या नावे मागच्या दिशेला, आणि ताळेबंदाची बेरीज बार उडण्यापूर्वी शून्य होती ती उडाल्यानंतरही शून्य; म्हणूनच दस्ता खांद्याशी घट्ट धरतात, नाहीतर वसुली खांद्याकडून होते.

दिशेच्या बाबतीत चुकणाऱ्या मुलांना मी कधी मारले नाही, कारण ती थोर माणसांच्या पंगतीला बसलेली असतात. देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विश्वातील गतीचे एकूण परिमाण कायम राहते असे सांगितले. विचार भव्य होता, पण दिशेचा हिशेब त्याने धरला नाही. टकरींचे सात नियम त्याने दिले, त्यांत पहिला तेवढा निभावला. एका नियमाप्रमाणे तर मोठी वस्तू स्थिर असेल तर लहान वस्तू तिच्यावर कितीही वेगाने येऊन आदळली तरी मोठी जागची हलायची नाही. हा नियम आमच्या संस्थेच्या कार्यकारी मंडळाला चपखल लागू पडतो, निसर्गाला नाही. पुढे हायगेन्स नावाच्या डच शास्त्रज्ञाने हा प्रश्न होडीत बसवून सोडवला : कालव्यातून संथ जाणाऱ्या होडीतला मनुष्य दोन गोळे एकमेकांवर आदळवतो, काठावरचा मनुष्य तीच टक्कर आपल्या जागेवरून पाहतो, आणि दोघांच्या दृष्टीने नियम एकच असला पाहिजे. १६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरींचे नियम मागवले तेव्हा वॉलिस, रेन आणि हायगेन्स यांनी आपापली उत्तरे धाडली, आणि न्यूटनचा ग्रंथ यायला १६८७ साल उजाडले. देकार्तपासून न्यूटनपर्यंत त्रेचाळीस वर्षे! आणि आमच्या अभ्यासक्रमात या प्रकरणाला तासिका आठ.

मोठ्यांच्या चुकांत माझी आवडती मात्र वर्तमानपत्राची. अमेरिकेतल्या गॉडर्ड नामक प्राध्यापकाने अग्निबाण निर्वात पोकळीतही चालेल असे प्रतिपादन केले, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९२० च्या जानेवारीत अग्रलेखाच्या पानावरून त्याची हजेरी घेतली : ढकलायला हवाच नसेल तर बाण पुढे जाईल कसा, हे शाळकरी मुलालाही कळते. बाण हवेला ढकलीत नसतो. स्वतःच्या पोटातला वायू मागे फेकतो आणि तितक्याच संवेगाने स्वतः पुढे सरकतो. अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ रोजी, त्या पत्राने चूक दुरुस्त करून खेद व्यक्त केला. प्राध्यापक त्यापूर्वी चोवीस वर्षे निवर्तले होते. मुलांनो, फेरतपासणीचा अर्ज केव्हाही करावा, असे मी ही हकीगत सांगून म्हणत असे.

जाता जाता एका अन्यायाचाही उल्लेख केला पाहिजे. बलाला न्यूटन, कार्याला ज्यूल, दाबाला पास्कल, अशी कितीतरी राशींना थोरांची नावे वाटली गेली. संवेगाचे एकक मात्र आजतागायत ‘किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद’ असे बेवारस फिरते आहे. ते एकक लिहिताना मुले एक तरी अक्षर गाळतात, आणि दोष मात्र मुलांच्या माथी येतो.

परंतु ज्या प्रयोगाने मला हा विषय खऱ्या अर्थाने शिकवला, तो अंड्याचा. प्रयोग सर्वश्रुत आहे : सैल धरलेल्या चादरीवर अंडे जोराने फेकले तरी ते फुटत नाही, भिंतीवर फेकले तर फुटते, दोन्हीकडे संवेग तितकाच नाहीसा होतो, पण चादर वेळ घेते. मी मुख्याध्यापकांकडे दोन अंड्यांसाठी तोंडी परवानगी मागितली. ते सोवळ्यातले गृहस्थ. काही काळ ते काहीच बोलले नाहीत. मग लेखी दरखास्त द्या म्हणाले. दरखास्तीवर त्यांनी शेरा मारला : ‘नारळाने भागेल काय, याचा खुलासा व्हावा.’ नारळ भिंतीवर फेकला असता भिंतीच्या बाबतीत काय संभवते, याचा सविस्तर खुलासा मी केला. त्यावर मंजुरी आली, पण सादिलवार खर्चाच्या बिलात ‘अंडी’ हा शब्द घालायला हेडक्लार्क राजी होईनात. संस्थेचे अध्यक्ष बिले स्वतः पाहतात, असे त्यांनी दबक्या आवाजात सांगितले. अखेर तोडगा त्यांनीच काढला. ‘लंबगोल भंगुर प्रयोगसाहित्य, नग २’ अशी नोंद झाली आणि आमच्या शिपाईमामांनी ते साहित्य धोतराच्या सोग्यात लपवून मागच्या दाराने प्रयोगशाळेत आणले.

दहावीचा वर्ग, आणि खिडक्यांना लटकलेले इतर चार वर्ग. दोन मुलांनी चादर उभी धरली. अंडे फेकायला मी शाळेच्या संघातला जलदगती गोलंदाज निवडला, हीच माझी पहिली चूक. त्याने धाव घेण्यासाठी सर्वांना भिंतीपर्यंत मागे सारले. अंडे सुटले, चादरीच्या ऐन मध्यावर आदळले, चादर पोटात ओढली गेली आणि अंडे शाबूत राहिले. टाळ्यांचा कडकडाट झाला. चादरीची खालची किनार वर दुमडून तिची खोळ करायची असते, हे सांगायला मी विसरलो होतो; त्यामुळे ते शाबूत, विजयी अंडे चादरीवरून शांतपणे घरंगळत खाली आले आणि शहाबादी फरशीवर, चादरीचा कसलाही संबंध न उरता, फुटले. वर्गात जी शांतता पसरली तीत एका मुलाने वहीत लिहिलेले अनुमान मी पुढे तपासताना वाचले : ‘यावरून सिद्ध होते की, अंडे उशिरा फुटते.’ दुसरे अंडे भिंतीसाठी होते. पण भिंतीवर काय होईल याविषयी आता कुणाच्याही मनात संदेह उरला नसल्याने मी ते राखून ठेवले, आणि संध्याकाळी शिपाईमामांनी ‘याचं काय करायचं, साहेब?’ असे विचारले तेव्हा मी नुसता खिडकीबाहेर पाहत राहिलो. ते काय समजायचे ते समजले.

वर्षअखेरीस हिशेबतपासनीस आले. त्यांनी बिलावर बोट ठेवून विचारले : साहित्य खरेदी नग दोन, प्रयोगात खर्ची एक, तर शिल्लक एक नग कुठे? हेडक्लार्कांनी प्रसंगावधान राखून, शिल्लक आहे, असे सांगितले. मग ते साठ्यात का घेतले नाही? तेव्हा त्याच दिवशी, तपासनिसांच्या समक्ष, शाळेच्या जडवस्तुसंग्रह नोंदवहीत, लोखंडी तिपाई आणि पितळी तराजू यांच्या खाली, ‘लंबगोल भंगुर साहित्य, नग १’ अशी नोंद झाली. ती निर्लेखित करण्याचा प्रस्ताव मी दोनदा ठेवला. दोन्ही वेळा हेडक्लार्कांनी नियम दाखवला की फुटलेल्या वस्तूचे तुकडे समितीपुढे हजर केल्याशिवाय ती कमी करता येत नाही, आणि आमची वस्तू तर मुळात फुटल्याची कुठे नोंदच नव्हती. बाह्य बल लागेपर्यंत वस्तू आपली अवस्था बदलत नाही, हा न्यूटनचा पहिला नियम मी मुलांना समजावीत होतो. कचेरीने तो माझ्यावर सिद्ध करून दाखवला. दरवर्षी साठापडताळणी होई, आणि त्या ओळीसमोर दरवर्षी एकच शेरा पडे : ‘समक्ष पाहिले. स्थिती चांगली.’ तीन मुख्याध्यापकांच्या सह्या तिथे आहेत.

निवृत्तीच्या दिवशी मी प्रयोगशाळेचा चार्ज माझ्या जागी आलेल्या तरुण शिक्षकाला दिला. तिपाया मोजल्या, तराजू पाहिला, वजनांच्या पेटीतले हरवलेले पाच ग्रॅमचे वजन दोघांनीही हजर धरले. मग त्याचे बोट त्या ओळीवर थांबले. ‘हे काय आहे, सर? आणि कुठे आहे?’ मी कपाटाच्या वरच्या खणाकडे पाहिले. त्यानेही पाहिले. खण रिकामा होता. बाहेर समारंभाचे बोलावणे आले होते, शिपाईमामांचा मुलगा, तोही आता आमच्याच शाळेत शिपाई आहे, दारात उभा होता, आणि हसू आवरण्यासाठी छताकडे पाहत होता. तरुणाने एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिले, झरणीचे टोपण काढले, आणि ‘मिळाले, स्थिती चांगली’ असे लिहून खाली सही केली.